सूर्याला जामीन

कर्ज घेणाऱ्याला झोप लागते, जामीनदाराला लागत नाही. गेली बावीस वर्षं मी बँकेत कारकून आहे आणि जामीनदार नावाच्या प्राण्याचे हाल टेबलापलीकडून रोज पाहतो आहे. सही करायला येतो तेव्हा तो लग्नाला आल्यासारखा हसत येतो. तीन वर्षांनी नोटिशीचं पाकीट हातात घेऊन येतो, तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही. एवढं सगळं पाहून-सवरूनही मी माझ्या भाच्याच्या कर्जाला जामीन राहिलो. अर्थात दुसऱ्या बँकेत. आमच्या बँकेत असली सही मी कुणाला करू दिली नसती.

कारण एकच. ताई म्हणाली, "लहानपणी तुला कडेवर कोण घेऊन फिरत होतं?" या प्रश्नाला रिझर्व्ह बँकेच्या एकाही परिपत्रकात उत्तर नाही.

भाचा चाकणला एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. चांगला पगार, न्यायला-आणायला कंपनीची बस, दिवाळीला बोनस. हे सगळं सोडून त्यानं २०२१ साली मोशीला सोलरचा धंदा काढला. लोकांच्या गच्चीवर पॅनल बसवून द्यायची. दोन फिटर, एक इलेक्ट्रिशियन, एक टेम्पो आणि एक मामा, एवढ्या भांडवलावर गाडी सुरू झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांवर सोलर, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान! आता काय, भाच्याचं सोनं झालं असं आम्हाला वाटलं. पण अनुदानाची बातमी पेपर एकट्या भाच्याला देत नाही. बघता बघता मोशीपासून तळवड्यापर्यंत ज्याच्याकडे शिडी होती तो प्रत्येक जण सोलरवाला झाला, आणि भाच्याचा फोन वाजायचा थांबला.

एका रविवारी सकाळी तो आमच्याकडे आला. चहा ठेवेपर्यंतही न थांबता त्यानं मोबाइल काढला आणि त्या एआयला प्रश्न केला, "पिंपरी-चिंचवडमध्ये घरावर सोलर बसवायला चांगली कंपनी कोणती?" फोननं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि चार नावं दिली. प्रत्येक नावाखाली दोन-दोन ओळी स्तुती. भाच्यानं पडदा वरून खालपर्यंत सरकवला, पुन्हा खालून वर सरकवला आणि मतदारयादीत नाव न सापडलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "मामा, मी नाहीच आहे."

"अरे, मग गूगलमध्ये शोध."

"गूगलवर आहे ना. सातवा आहे. पण मामा, लोक आता शोधत नाहीत, विचारतात. पूर्वी दहा नावं यायची, एखादा चिकाटीचा माणूस सातव्यापर्यंत पोचायचा. हे चार सांगतं आणि गप्प बसतं. पाचवा मेला!"

त्याला एक तज्ज्ञही भेटले होते. एआयच्या उत्तरात नाव आणून देतो म्हणाले, महिना चाळीस हजार. चाळीस हजार म्हणजे भाच्याच्या कर्जाचा हप्ता, आणि वर सोसायटीच्या गणपतीची वर्गणी. ते चाळीस हजार तज्ज्ञाकडे गेले की हप्ता कुणाकडून येणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. मी भाच्याकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली. कर्जदाराकडे मुदत मागणारा मी पहिलाच जामीनदार असेन.

आता मी पडलो बी. कॉम. संगणकाचं माझं ज्ञान 'सर्व्हर डाउन आहे, दुपारनंतर या' इथपर्यंत. पण जुनी लेजरं चाळून चाळून मला एक खोड लागली आहे. नवं संकट आलं, की आधीच्या लोकांनी त्याचं काय केलं होतं ते मी बघतो. बहुतेक वेळा संकट जुनंच असतं, फक्त फॉर्मचा नंबर बदललेला असतो.

आमच्या पिंपरी-चिंचवडचा इतिहास या बाबतीत उलटा सुरू होतो. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग ज्वारीच्या शेतांतून कारखान्यांची धुराडी उगवायला लागली. त्या काळात विकणाऱ्यानं दिसण्याची गरजच नव्हती. आकुर्डीच्या बजाजनं १९७२ साली चेतक काढली. ती घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मुलगी पाळण्यात असताना लावलेला नंबर तिच्या लग्नात जावयाच्या उपयोगी पडेल, असं लोक म्हणत आणि त्यातला विनोद फार थोडा होता. म्हणजे कारखाना कुठे आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक होतंच. गिऱ्हाईक कुठे आहे हे कारखान्याच्या ध्यानात राहील की नाही, ही खरी काळजी. भाच्याला हे सांगितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "मामा, मी साठ वर्षं उशिरा जन्मलो."

पण आमच्या गावात प्रसिद्धीची आणखी एक परीक्षा आहे. कंपनीच्या नावाचा चौक झाला पाहिजे. थरमॅक्स चौक घ्या, केएसबी चौक घ्या. टेल्कोचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं; रस्ता अजून टेल्को रोडच आहे. रिक्षावाल्याला 'टाटा मोटर्स रोड' असं सांगून बघा. तुम्ही परगावचे आहात हे ओळखून तो त्या हिशेबानं भाडं सांगेल. आता हे चौक काही कुणी जाहिरातीचे पैसे भरून विकत घेतले नाहीत. पहिल्या पाळीला हजारो माणसं तिथे उतरली, 'केएसबीला भेट', 'थरमॅक्सवरून डावीकडे वळ' असं एकमेकांना सांगत राहिली, आणि नाव चिकटलं. नाव कंपनीचं, पण लावलं लोकांनी.

"मामा," भाचा म्हणाला, "माझ्या दुकानासमोर चौक नाही. बोळ आहे."

मग मी आणखी मागे गेलो. जगातली पहिली टेलिफोन डिरेक्टरी १८७८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत न्यू हेवनला निघाली. एकच पान, पन्नास नावं, आणि नंबर एकाचाही नाही! फोन उचलायचा, नाव सांगायचं, एक्स्चेंजवाला जोडून देणार. मुंबईत एक्स्चेंज आलं १८८२ साली. पुढे डिरेक्टऱ्या उशीएवढ्या जाड झाल्या आणि व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, की गिऱ्हाईक पहिल्या दोन-चार नावांतच दमतं. झालं! अमेरिकेतल्या नळदुरुस्तीवाल्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी आपल्या नावापुढे एक ए लावला. शेजाऱ्यानं दोन लावले. तिसऱ्यानं तीन. आपल्याकडच्या 'ए-वन' टेलरांचं आणि 'ए-वन' बेकऱ्यांचं मूळ याच रोगात असावं, असा मला दाट संशय आहे.

१९९६ साली मुंबईत जस्ट डायल निघालं. फोन करायचा, 'भोसरीत मोटार रिवाइंडिंगवाला कोण?' म्हणून विचारायचं, की पलीकडची मुलगी नावं सांगणार. म्हणजे 'शोधू नका, विचारा' हा प्रकार काही एआयचा शोध नव्हे. त्याच्याही आधी नाक्यावरचा पानवाला हेच काम करत होता, आणि चुना लावून देत होता.

गूगल १९९८ सालचं. त्याचा इतिहास वाचताना मात्र मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्याआधीची शोधयंत्रं भोळी होती. ज्या पानावर 'टीव्ही' हा शब्द जास्त वेळा, ते पान टीव्हीचं मोठं दुकान, असा त्यांचा हिशेब. लोकांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शंभर वेळा 'टीव्ही टीव्ही' लिहून ठेवलं. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं! लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन पोरांनी ठरवलं, की पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते सोडा. त्याच्याकडे बोट कोण कोण दाखवतं ते बघा, आणि बोट दाखवणारा स्वतः किती वजनदार आहे तेही बघा.

अहो, हे आम्ही बँकेत कितीतरी वर्षं करत होतो! मी नोकरीला लागलो तेव्हा खातं उघडायच्या फॉर्मवर 'ओळख देणाऱ्याची सही' अशी चौकट असे. जुन्या खातेदारानं सही केल्याशिवाय नव्याचं खातं उघडत नसे. गावातल्या मोठ्या डॉक्टरांची सही असली की साहेब डोळे मिटून पास करत. आमच्या शाखेबाहेर एक गृहस्थ एका चहावर कुणालाही ओळख देत. तिसऱ्या खेपेला साहेबांनी त्यांची सही बघून फॉर्म परत पाठवला. गूगललाही पुढे असले चहावाले हजारोंनी भेटले. पैसे घेऊन बोट दाखवणाऱ्या साइटींचे कारखाने निघाले आणि गूगल त्यांचे फॉर्म परत पाठवत बसलं.

मग २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि उत्तरं द्यायला लागलं. आता ही मंडळी काय करतात, तर प्रश्न घेतात, जाळ्यावरची पाच-पंचवीस पानं चाळतात, त्यातले उपयोगाचे तुकडे उचलतात आणि स्वतःच्या शब्दांत उत्तर जुळवतात. आमच्याकडे वरिष्ठ कार्यालयाला पाठवायचा अहवाल असाच तयार होतो. इथे कुणाचा तुकडा उचलला जातो यावर दिल्लीच्या आयआयटीतल्या आणि अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२३ साली एक निबंध लिहिला. दहा हजार प्रश्न घेतले आणि पानांत निरनिराळे बदल करून बघितले. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याचा जुना उद्योग जवळजवळ फुकट गेला. ज्या पानांत नेमके आकडे घातले, दुसऱ्यांची अवतरणं दिली, माहिती कुठून घेतली ते सांगितलं, ती पानं उत्तरात चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त दिसायला लागली. मागच्या बाकावरच्या पानांना तर याचा जास्तच फायदा झाला. सातव्या नंबरला आशा होती!

मी भाच्याची वेबसाइट उघडली. पहिलं वाक्य होतं, 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे भांडवल.' हे वाक्य वाचून बँकेतला माणूस हादरतो. ज्याचं भांडवल समाधान आहे त्याला मी जामीन होतो! पुढे 'दर्जेदार सेवा', 'तत्पर सेवा' आणि 'विश्वासार्ह सेवा'. पानभर सेवा, आकडा एक नाही. यातून त्या यंत्रानं उचलावं तरी काय?

त्यात नावाचा घोळ. सूर्यनमस्कारात सूर्याची नावं बारा, आणि सोलरवाले शेकडो. 'खग' आणि 'पूषा' यांना कुणी हात लावत नाही, त्यामुळे उरलेल्या दहांत सगळ्यांची दाटी. भाच्याच्या फर्मच्या नावाच्या आणखी फर्मा निघाल्या, त्यातली एक तर परराज्यातली. त्यातून वेबसाइटवर नावात एक अक्षर जास्त, जीएसटीच्या कागदावर एक कमी, आणि नकाशावर पत्ता अजून भोसरीतल्या जुन्या भाड्याच्या गाळ्याचा. फोन नंबर त्याहून जुना. मी म्हटलं, "अरे, या कागदपत्रांवर मी तुझं बचत खातंसुद्धा उघडलं नसतं!" दोन रविवार आम्ही त्याचं केवायसी केलं. नाव सगळीकडे एक, पत्ता एक, नंबर एक.

मग आकडे. भाच्याकडे एक वही होती. बसवलेल्या प्रत्येक सिस्टिमचं मीटर इलेक्ट्रिशियन दर महिन्याला बघून त्यात टिपून ठेवायचा. हे तर सोनं! मी म्हटलं, हे छाप. एक किलोवॅटला गच्चीवर साधारण शंभर चौरस फूट जागा, वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज. आपल्या गिऱ्हाइकांची नावं न देता, भाग आणि महिना लिहून खरे आकडे दे. भाचा म्हणाला, "मे महिन्याचे देतो." मी म्हटलं, जुलैचेही दे. त्याचा चेहरा पडला. पावसाळ्यात उत्पादन किती घसरतं हे छापलं तर गिऱ्हाईक पळेल, एमआयडीसीच्या धुळीनं पॅनल पंधरा दिवसांत मळतात हे छापलं तर दुप्पट वेगानं पळेल, असं त्याचं म्हणणं. यावरून आमचं चांगलंच वाजलं. ज्या पानावर नुसतं जमा आहे आणि नावे काहीच नाही, ते पान आम्ही बँकेत सगळ्यांत आधी तपासायला घेतो, हे त्याला समजवायला मला ताईला मध्ये घ्यावं लागलं. शेवटी जुलै छापला. चिखलीच्या एका सोसायटीनं आपल्या वार्षिक अहवालात विजेच्या बिलाचे आकडे दिले होते, त्यांच्या परवानगीनं तेही लावले. म्हणजे ओळख देणाऱ्याची सही झाली.

आणि याच खटपटीत मला विल्यम ॲडम्स भेटला.

आपल्या मुलखात उन्हावर यंत्र पहिल्यांदा कुणी चालवलं, हे मी शोधत होतो. हा ॲडम्स मुंबईत इंग्रज सरकारचा डेप्युटी रजिस्ट्रार होता. लक्षात आलं ना? आपल्यातलाच. दिवसभर कागद, आणि डोक्यात सूर्य. तिकडे फ्रान्समध्ये मूशो नावाचा प्राध्यापक मोठ्या वाकवलेल्या आरशानं पाणी उकळत होता. ॲडम्सनं विचार केला, की धातूचा असला प्रचंड आरसा महागात जाणार. त्यापेक्षा साधे, सपाट, काचेचे आरसे घ्यावेत, सतरा इंच बाय दहा इंच, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बॉयलरवर वळवावीत. एक आरसा काय करणार? पण बहात्तर आरसे मिळून काय वाटेल ते करतात. कारकुनालाच सुचावी अशी ही कल्पना आहे! वाळवंटात उभ्या राहिलेल्या सौर मनोऱ्यांच्या मुळाशी आज तीच आहे.

कुलाब्याच्या आपल्या आवारात त्यानं या उन्हाच्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. आणि तो नुसता चालवून घरात बसला नाही. पंधरा दिवस प्रयोग चालू ठेवला आणि पेपरवाल्यांना, सरकारी अधिकाऱ्यांना, धंदेवाल्यांना बघायला बोलावलं. या बाबतीत तो भाच्याच्या तज्ज्ञाचा आद्यगुरू शोभेल. शिवाय त्यानं एक अष्टकोनी सूर्यचूलही केली. सात शिपायांचं मांस-भाजीचं जेवण तिच्यावर दोन तासांत शिजलं, तेही जानेवारीत, मुंबईच्या सगळ्यांत थंड महिन्यात. हे सगळं त्यानं 'सोलर हीट' या पुस्तकात लिहिलं आणि १८७८ साली ते मुंबईतच छापलं. हो, त्या पन्नास नावांच्या डिरेक्टरीच्याच वर्षी.

पुढे काही झालं नाही. कोळशाच्या बोटी येत राहिल्या, बॉयलर कोळशावरच तापत राहिले. पंप गेला, आरसे गेले. पण आज त्या एआयला विचारा, मुंबईत उन्हावर पंप कुणी चालवला? ताडकन ॲडम्सचं नाव येतं. त्यानं 'माझी चूल दर्जेदार आहे' असं लिहून ठेवलं असतं, तर कुत्रं विचारतं ना. त्यानं लिहिलं सतरा बाय दहा, अडीच अश्वशक्ती, सात शिपाई, दोन तास.

मी भारावून गेलो. भारावलेल्या कारकुनानं लिहू नये, मी लिहिलं. भाच्याच्या वेबसाइटवर ॲडम्सवर एक पान टाकलं आणि वर मथळा दिला, 'आमच्या व्यवसायाचे मूळपुरुष'.

चार महिन्यांनी एका रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, मी आलो! तिसरा!" मी चष्मा लावून वाचायला लागलो. फर्मचं नाव बरोबर. पत्ता बरोबर. जुलैचे आकडे मोकळेपणानं देणारी फर्म अशी स्तुती. आणि पुढे लिहिलं होतं, की ही फर्म १८७८ साली विल्यम ॲडम्स यांनी कुलाबा येथे स्थापन केली असून सध्या मोशी येथे कार्यरत आहे. सात व्यक्तींच्या भोजनाची व्यवस्था होते.

"राहू दे ना, मामा," भाचा म्हणाला. "आपण कुठे खोटं लिहिलंय? मूळपुरुष तूच लिहिलंस. जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा पुण्याच्या आसपास फुकट मिळते का कुणाला?"

त्या रात्री जामीनदाराला पुन्हा झोप लागली नाही. यंत्र चुकलं, खरं. पण गिऱ्हाईक पैसे भाच्याच्या खात्यात भरणार होतं आणि सही माझी होती. सकाळी मी मथळा बदलला आणि सगळ्यांत वर एक ओळ घातली: 'आमची फर्म २०२१ साली मोशीला सुरू झाली. त्याआधी सूर्याशी आमचा संबंध फक्त उन्हाळ्यात येत असे.' भाचा दोन दिवस बोलला नाही. यंत्रानं मात्र सावकाशीनं दुरुस्ती केली. नुसत्या स्पेलिंगच्या दुरुस्तीला आमच्याकडे जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमीच वेळ लागला म्हणायचा. दुरुस्तीनंतर भाचा तिसऱ्याचा चौथा झाला, पण राहिला.

मधल्या त्या दिवसांत निगडी-प्राधिकरणातून एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. "आपली फर्म इंग्रजांच्या काळातली ना? कुलाब्याला नेमकी कुठे होती हो?" भाच्यानं हातभर लांब धरून फोन माझ्याकडे दिला. मी खरं काय ते सांगितलं. आमचा आणि ॲडम्सचा काही संबंध नाही, फर्म चार वर्षांची आहे, चूक यंत्राची आणि थोडी माझी. ते गप्प झाले. मला वाटलं, ठेवला फोन. पण मग त्यांनी आरशांबद्दल विचारलं, बॉयलरबद्दल विचारलं, आणि अर्धा तास आम्ही १८७८ सालीच होतो. शेवटी त्यांनी तीन किलोवॅटची ऑर्डर दिली. त्या महिन्याचा हप्ता पाच तारखेला वेळेवर गेला.

फोन ठेवताना ते जरा घुटमळले. "एक विचारू का? ती सात शिपायांची चूल... आम्ही घरात दोघंच असतो. दोन शिपायांची करून मिळेल का?"

विचारून सांगतो, म्हटलं. भाचा सध्या मोशीच्या गच्चीवर आरसे मोजत बसलेला असतो, सतरा बाय दहा.